वाटेतलं शहर

"ओठ मीट," ताई म्हणाली. "दात दिसता कामा नयेत. स्पष्ट लिहिलंय इथे."

"मिटलेत की," असं म्हणून धाकटी पुन्हा हसली.

भिंतीवर पांढरी चादर टांगली होती, तिच्यापुढे स्टुलावर धाकटी बसली होती आणि ताई फोन हातात धरून घामाघूम झाली होती. पर्यटक व्हिसाचा अर्ज घरबसल्या फोनवरून भरायचा होता. बाकी सगळं सरळ झालं आणि फोटोपाशी घोडं अडलं. एका फोटोत धाकटी हसत होती म्हणून वेबसाइटने तो नाकारला. पुढच्यात केस कानांवर आले. ताईने मनात म्हटलं, हसेल नाहीतर काय करेल, हिचं सगळं हसण्यासारखंच तर चाललंय.

खरं सांगायचं तर धाकटी कायमची परदेशी चालली आहे, हे ताईने केव्हाच पचवलं होतं. धाकटीचा नवरा वर्षभरापूर्वी पुढे गेला होता, आता ही जाणार. परका देश, परकी माणसं, गोठवणारी थंडी, घरात हाताखाली कुणी नाही. त्यात जळण्यासारखं काय आहे, अशी ताईने स्वतःची समजूत घातली होती आणि ती बऱ्यापैकी पटलीही होती. पण मग तिकीट आलं. विमान वाटेत एका शहरात थांबणार होतं आणि धाकटी तिथे दोन दिवस उतरून फिरणार होती. विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे व्हिसा हवा, त्यासाठी हा खटाटोप. बरं, जगात शहरं काय कमी होती? हिने नेमकं तेच निवडलं.

ते शहर ताईचं होतं. ती शाळेत असताना बाबांनी ऑफिसातून एक कॅलेंडर आणलं होतं. त्याच्या एका पानावर नदी होती, नदीवर लोखंडी लाल पूल होता आणि पुलावरून माणसं काही घाई नसल्यासारखी चालली होती. वर्ष संपल्यावर ताईने ते पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. मोठी झाल्यावर काय करणार, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, तिथे जाणार. पुढे बाबा गेले, ताई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायला लागली, धाकटीचं शिक्षण झालं, लग्न झालं, आईचे गुडघे गेले. चित्र तेवढं पिवळं पडत जागच्या जागी राहिलं. कपाट दोघींचं एकच होतं. त्यामुळे धाकटीही ते चित्र रोज बघायची, बहुतेक वेळा ताईचा फ्रॉक काढून घेताना.

"तुझं शहर म्हणून मुद्दाम तिकडून तिकीट काढलं," ती म्हणाली होती. "तुला फोनवर सगळं दाखवीन." ताईला बक्षीस दिल्यासारखा तिचा चेहरा फुलला होता आणि ताईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. फ्रॉक नेले, खिडकीजवळची खाट नेली, सायकल नेली. आता एवढंच राहिलं होतं, तेही हिनेच न्यावं.

फोटो एकदाचा जमला. धाकटीने गाल आत ओढून ओठ घट्ट मिटले होते.

"प्रवासाचा उद्देश काय लिहू?" ताईने विचारलं.

"फिरणं."

ताईने टाइप केलं. एवढासा शब्द, पण तो टाइप करायला तिला फार जड गेलं. "परतीचं तिकीट मागतायत."

"परत कुठे यायचंय? पुढचं तिकीट जोड."

धाकटीचा मेलबॉक्स जाहिरातींनी तुंबलेला होता, म्हणून मेलचा पत्ता ताईचा दिला. तशी ही ताईचं काहीही वापरायला कधी लाजली नव्हती.

मंजुरीचा मेल आला तेव्हा ताई लॅबमध्ये मेणात दात बसवत होती. व्हिसा उघडला. कोपऱ्यात धाकटीचा चौकोनी फोटो होता. ओठ मिटलेले, पण हसू गालांत दडपून ठेवलेलं कुणालाही कळलं असतं. ताईने फोन ॲप्रनच्या खिशात टाकला आणि काम पुढे चालू केलं. त्या दिवशी कुण्या अनोळखी माणसाच्या कवळीत तिने सुळे जरा लांबच बसवले. नंतर ते घासून कमी करावे लागले.

घरी पोचते न पोचते तोच धाकटीने विचारलं, "आला का गं?"

"नाही अजून," ताई म्हणाली. खोटं बोलणं इतकं सोपं असतं, हे तिला या वयात कळलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीच्या जिवात जीव नव्हता. पाणी प्यायलं की विचार, कपडे बॅगेत भरले की विचार. ताई कामावर गेली, आली, जेवण झालं, तरी मूग गिळून बसली. तिकिटं काढून देणारा एजंट म्हणाला होता, आज संध्याकाळपर्यंत व्हिसा आला नाही तर सरळ जाणारं विमान घ्या. ते विमान दोन दिवस उशिरा निघणार होतं.

"बरंच झालं की मग," आई पलंगावरून म्हणाली. "अजून दोन दिवस डोळ्यांसमोर राहशील. त्या पुलावर काय ठेवलंय?"

धाकटी उठली. ती स्वयंपाकघरात आली. ताई भांडी घासत होती. धाकटीने फडकं घेतलं आणि घासलेली भांडी पुसायला लागली, हे आक्रीतच होतं.

"आता एजंटला फोन करते. बदल म्हणावं तिकीट," ती म्हणाली. "जाऊ दे ताई. ते तुझंच होतं. मलाच मेलं चोरी केल्यासारखं वाटत होतं. तूच जा कधीतरी."

ताईचे हात पाण्यात थांबले. तूच जा कधीतरी. हिला पक्कं ठाऊक होतं की कपाटाच्या दारापलीकडे ताई कुठे जाणार नाही. नेण्याचा मानही हिचा आणि परत करण्याचा मोठेपणाही हिचाच. सरळ जाणाऱ्या विमानात बसेल आणि जन्मभर सांगेल, ताईसाठी मी ते सोडलं. आणि ताईने काय करायचं? दान मिळालेलं शहर कपाटात ठेवून द्यायचं? ते तिला अजिबात सोसवणार नव्हतं. लुटलेलं परवडलं असतं.

तिने हात पुसले, फोन काढला आणि धाकटीसमोर धरला.

धाकटीने वाचलं. मग वरची तारीख वाचली.

"कालच आलाय हा."

"हो."

"तू बघितला नव्हतास?"

"बघितला होता. सांगितलं नाही."

बाहेरून आई विचारत होती, काय झालं, कुणाचा फोन आहे. धाकटी ताईकडे बघत राहिली. ती चिडेल, रडेल, आईला हाक मारेल, या सगळ्याची ताईने तयारी केली होती. धाकटी म्हणाली, "बरं." आणि हातातलं पातेलं पुन्हा पुसायला लागली, पुसून झालेलंच.

"प्रिंट काढून घे," ताई म्हणाली. "फोनवर विसंबून राहू नकोस."

धाकटी गेली. निघताना दोघी नेहमीसारख्या बोलल्या, म्हणजे बॅगेच्या वजनाबद्दल आणि आईच्या औषधांबद्दल. मेलचा विषय कुणी काढला नाही. घर ओकंबोकं झालं. थंडी पडायला लागली होती आणि ताईला स्वतःचा शेवाळी स्वेटर सापडेना. तिने कपाट दोनदा उपसलं आणि आईवर विनाकारण खेकसली.

लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. ताईच्या बोटांवर प्लॅस्टर वाळलं होतं. पडद्यावर आधी आभाळ दिसलं, मग लोखंडी कमानी.

"दिसतोय का पूल?" धाकटीचा आवाज वाऱ्यात फाटत होता.

"दिसतोय. लाल नाहीये."

"करडाच आहे. कॅलेंडरवाल्याने रंगवला असणार."

ताईला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोला. धाकटी चालत होती आणि फोन इकडेतिकडे फिरवून दाखवत होती. नदी, कठडा, हातात हात घातलेली म्हातारी जोडपी. इतकी वर्षं जपलेलं सगळं समोर होतं, आणि ताई डोळे ताणून त्यात भलतंच काही शोधत होती. एकदा पाण्यावर धाकटीची सावली हलली, तेव्हा आपण काय शोधतोय हे तिला कळलं.

"पूल पुरे झाला," ती म्हणाली. "तू दिस."

कॅमेरा फिरला. नाक लाल झालेलं, केस तोंडावर आलेले. अंगात शेवाळी स्वेटर होता.

"तो माझा आहे," ताई म्हणाली.

"हो."

धाकटीने ओठ घट्ट मिटून घेतले होते, फोटोच्या वेळी ताईने शिकवलं होतं तसे. पण गालांत या वेळी हसू नव्हतं. पुलावर वारा वाढला होता आणि स्वेटरची कॉलर उडत होती. ताई ते काही वेळ बघत राहिली.

"वरची गुंडी लाव," ती म्हणाली.

धाकटीने फोन दुसऱ्या हातात घेतला आणि गुंडी लावली.