रविवारचा अल्बम आणि उकंडरावांचा हरभरा

आमच्या धामणगाव बढ्यात माणसांना कान दिलेत ते फक्त चष्मा अडकवायला. हो, रागानेच म्हणतोय, आणि का म्हणू नये?

मी धम्मरत्न. इथल्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. मला अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांचं संगीत आवडतं, कंट्री आणि ब्लूग्रास. ब्लूग्रास म्हणजे बँजो, फिडल, गिटार घेऊन चारपाच जण एकाच माइकभोवती दाटीवाटीने उभे राहतात आणि असं वाजवतात की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलायला लागतो. दर रविवारी मी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अल्बम सुचवतो. का ऐकायचा, कुठल्या गाण्यापाशी जरा थांबायचं, सगळं मराठीत समजावून देतो. लोक काय करतात? अंगठा दाखवतात. प्राचार्यसाहेब वर गुलाबाचं फूल चिकटवतात, नाहीतर ते ‘शुभ सकाळ’चं केकाटणारं गाणं टाकतात. एकदा त्यांना गाठून विचारलं, “ऐकला का, सर?” म्हणाले, “सुरुवात ऐकली. छान होती, मग बंद केला.” गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय!

मला फार काही नको होतं. एका माणसाने एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा, बस. माझी बायको समता म्हणते, “मी ऐकते ना.” ती मिक्सर लावून ऐकते.

आणि दिवाळीनंतर एक दिवस उकंडरावांचा फोन आला. गावाबाहेर त्यांचं शेत आहे. उभ्या जन्मात भजनाला न गेलेला माणूस.

“सर, ते तुमचं कडकडकडकड वाजते ते, पुरं कुठं भेटीन?”

“पुरं? सगळा अल्बम?”

“हाव नं. दिवसभर लावाले पाह्यजे.”

दिवसभर! मी त्यांना लिंक पाठवली, वर दोन ओळी इतिहासही लिहिला. आठवड्याभरात त्यांच्या शेजारच्या शेतवाल्यांचेही फोन आले. सगळ्यांना बँजोच हवा, आणि जोरातला. मी समतेला म्हटलं, “पाहिलंस? शिकलेले ढ निघाले, शेतकऱ्याला कान आहे.” ती म्हणाली, “आधी जाऊन तर पाहा.”

गेलो. हरभरा हिरवागार उभा. मधोमध खांबावर भोंगा, त्यातून माझा लाडका अल्बम बोंबलतोय, आणि उकंडराव लांब कडुलिंबाखाली कानात कापसाचे बोळे घालून बसलेले.

“काय सांगू सर, बेज्या काम झालं!” बोळे काढत ते म्हणाले. “रोही लय तरास देऊन राह्यले होते. कळपच्या कळप येते आन् हरभरा साफ करते. कुत्र्याचं भुकनं लावलं, त्याले सरावले. तुमच्या ह्याले मात्र जाम भेतात. मानसाले सहन होत नाही, जनावराले काय होईन?”

माझा अल्बम नीलगायी हाकलायला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन मी ग्रुपवर जाहीर केलं की रविवारचा अल्बम कायमचा बंद. पाच अंगठे आले. समता हसून हसून लोळली.

काही दिवसांनी संध्याकाळी उकंडराव दारात उभे. “सर, घात झाला. एक रोही भेत नाही ना जी! खांबाखाली येऊन उभा राह्यते. गानं संपेपर्यंत हालत नाही. मंग निवांत माहा हरभरा खाते. चाला, पाहा.”

मी त्यांच्या गाडीवर मागे बसून गेलो. खरंच होतं. काळा, थोराड नर, भोंग्याखाली उभा. तोंडात घास नाही. कान वर, मान किंचित तिरकी. शेवटचं गाणं चालू होतं, संथ फिडलचं, ज्यापाशी थांबा म्हणून मी सगळ्या गावाला सांगितलं होतं. तो थांबला होता. मी त्याला हात जोडले, लाज कसली त्यात? अख्ख्या तालुक्यात हा एक निघाला.

“आता दुसरं सांगा,” उकंडराव म्हणाले. “याले आवडनार नाही असं.”

“तसलं मी कोणाला सुचवत नाही.”

“अन् माह्या हरभऱ्याचं काय, सर?”

हरभऱ्याची एक अख्खी पट्टी बोडकी झाली होती. मी खिशातून मोबाइल काढला, ग्रुप उघडला आणि प्राचार्यसाहेबांचं ‘शुभ सकाळ’ उकंडरावांच्या फोनवर पाठवलं. त्यांनी लावलं. पहिल्याच ओळीला रोही दचकला, त्याने एकदा भोंग्याकडे पाहिलं आणि शेताचा बांध ओलांडून जो सुटला तो दिसेनासा झाला.

उकंडरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “हे बेस हाय, सर. आतापासून लोकाइले हेच सांगत जा.”