सात भट्ट्यांचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. कागदाचा नव्हे हं, चांगला जाड कापडाचा, दारापेक्षा थोडाच बुटका. माझ्यावर आमचं ऐन झितून गाव काढलेलं आहे. त्यात निळ्या-पांढऱ्या गल्ल्या आहेत, एक किल्ला आहे, एक जुनं कारंजं आहे आणि सात भट्ट्या आहेत. भट्ट्या किल्ल्यापेक्षा मोठ्या दिसतात. त्याचं कारण सांगतो.

मला काढलं हम्मादी पेंटरनं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मोजपट्टी त्यानं जन्मात हातात धरली नव्हती. तो गल्ल्यांतून पावलं मोजत चालायचा आणि वाटेत कुणी पुदिन्याच्या चहाला बसवलं की मोजलेली पावलं विसरायचा. म्हणून जिथं चहा चांगला मिळायचा, त्या गल्ल्या माझ्यात जरा लांब आहेत. आणि भट्ट्या? आमच्याकडे कणीक घरी मळतात, पण रोट्या भाजायला गल्लीच्या भट्टीत पाठवतात. फळीवर गोळे, वर फडकं, आणि फळी पोराच्या डोक्यावर. दिवसातून दोनदा हेच. घराचा पत्ता विचारला तर माणूस आधी भट्टी सांगतो. हम्मादीला जे महत्त्वाचं वाटलं, ते त्यानं मोठं काढलं.

मला पर्यटन कार्यालयाच्या भिंतीवर लावलं, तेव्हा तिथले प्रमुख सी बुशैब, म्हणजे तुमच्या भाषेत बुशैबराव, तरुण होते आणि त्यांच्या डोक्यावर केस होते. लांबलांबचे पाहुणे यायचे, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे, "वा, वा" म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. पुढं ज्याच्या-त्याच्या हातात नकाशे दाखवणारे फोन आले. माझ्या जागी उंटाचं एक चकचकीत चित्र लागलं. आमच्या गावात उंट औषधालाही सापडत नाही, तरी लागलं. मी कपाटामागं गेलो. तिथं मी अकरा वर्षं होतो. एका उंदरानं माझा पूर्वेचा कोपरा खाल्ला. तिकडं नुसतं ऑलिव्हचं रान होतं म्हणून बरं, नाहीतर अर्धं गाव बेघर झालं असतं.

मग इख्लास आली. ती कासाब्लांकाच्या पर्यटन विद्यालयात शिकत होती आणि एक महिना आमच्या कार्यालयात काम शिकायला आली होती.

"काय शिकवतात गं तुम्हाला तिथं?" सी बुशैबनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"पाहुण्यांचं समाधान कसं करायचं ते, साहेब."

"मग त्या कपाटामागची जळमटं काढ. पाहुणे शिंकत शिंकत परत जातात."

जळमटांबरोबर मीही निघालो. चहा करणारे, दार उघडणारे आणि सगळ्यांची थट्टा करणारे जिलालीकाका धावत आले. "अगं, हा तर आपल्या हम्मादीचा नकाशा! मला वाटलं, कुणीतरी याच्या पिशव्या शिवल्या!"

इख्लासचे डोळे चमकले. तिला एक काम हवंच होतं. विद्यालयाचा नियमच तसा होता. महिन्याच्या शेवटी रुकैयाबाई तपासायला येणार, आणि पाहुण्यांच्या खरोखर उपयोगी पडेल असं एक तरी काम दाखवलं नाही, तर प्रमाणपत्र नाही. वर्ष वाया. तिनं ठरवलं, माझ्यावरून खिशात मावेल असा नवा नकाशा काढायचा.

पोरगी मेहनती होती. तिनं मला जमिनीवर पसरलं, गुडघ्यांवर बसून एकेक गल्ली उतरवली. चहामुळं लांबलेल्या गल्ल्या तिनं मोजून नीट केल्या. मला जरा लाज वाटली, पण तिचं बरोबर होतं. फक्त शेवटी तिनं रबर घेतलं आणि आपल्या कागदावरच्या सातही भट्ट्या खोडल्या.

"अगं, भट्ट्या कुठं गेल्या?" जिलालीकाकांनी विचारलं.

"काका, किल्ला सोडून भट्टी बघायला कोण येणार? मी गल्ल्यांची खरी नावं घातलीत. निळ्या पाट्यांवर आहेत ती."

ती नावं नगरपालिकेनं कधीतरी ठेवली होती. पाट्या उंचावर होत्या आणि त्यांच्याकडं मान वर करून कुणीच बघत नव्हतं. पोस्टमनसुद्धा भट्टी विचारूनच पत्र देतो. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण नकाशाला तोंड कुठं असतं?

रुकैयाबाई आल्या. हिरवा कोट, जाड चष्मा. त्यांनी नवा नकाशा उलटसुलट पाहिला. "छान दिसतोय. कारंजं पंधरा मिनिटांवर, असं लिहिलंयस. मी एकटीच जाऊन येते."

पाऊण तास झाला. दीड तास झाला. बाईंचा पत्ता नाही. घरांच्या उंच भिंतींमध्ये फोनही लागेना.

मित्रांनो, आमच्या गावाची एक खोड सांगतो. पाहुण्याला "माहीत नाही" म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. म्हणून बाईंनी ज्याला ज्याला "डाळिंब गल्ली कुठं?" असं विचारलं, त्यानं हसून, छातीवर हात ठेवून, खात्रीनं एक दिशा दाखवली. ती गल्ली कुठली, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

इख्लास रडवेली झाली. "काका, माझं वर्ष गेलं!"

"वर्ष नंतर शोधू. आधी बाई शोधू," काका म्हणाले आणि मला गुंडाळून त्यांनी खांद्यावर टाकलं. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच गाव पाहिलं! माझ्या अंगावर जे रंगात होतं, ते समोर वासासकट उभं होतं. पहिल्या भट्टीवर विचारलं, "हिरव्या कोटातल्या बाई?" उत्तर आलं, "वर गेल्या." दुसऱ्या भट्टीवर कळलं, "खाली आल्या." तिसरी दुक्काली भट्टीवाल्याची. तिथं बाई पिठाच्या पोत्यावर बसल्या होत्या. एक बूट काढलेला, हातात गरम रोटी, शेजारी ऑलिव्ह तेलाची वाटी.

"तीनदा माझ्या दारावरनं गेल्या," दुक्काली म्हणाला. "चौथ्यांदा मीच बसवलं. म्हटलं, आता खाऊन हरवा."

"मला चौघांनी चार दिशा दाखवल्या," बाई इख्लासला म्हणाल्या. "इतक्या प्रेमानं, की मी चौघांचंही ऐकलं."

दुक्कालीनं नवा नकाशा हातात घेतला, पिठानं माखलेली बोटं त्यावरून फिरवली. "पोरी, यात मी कुठाय?"

इख्लासनं मान खाली घातली. काकांनी मला फळ्यांवर पसरलं. दुक्काली वाकला आणि एकदम ओरडला, "हा बघा मी! केवढा मोठा काढलाय!" रोट्या घ्यायला आलेली पोरं, बायका सगळे माझ्याभोवती जमले. जो तो आधी आपली भट्टी शोधी आणि मग तिथून चालत चालत आपलं घर.

बाई चष्म्यातून हे सगळं बघत होत्या. मग बूट चढवत म्हणाल्या, "इख्लास, उद्या दहाला मी पुन्हा निघेन. कारंज्याला पोचले तर सही. इथंच पोचले तर पुढच्या वर्षी भेटू."

त्या दुपारी इख्लास मला घेऊन सातही भट्ट्यांवर गेली. प्रत्येक ठिकाणी तिनं आपल्या नकाशात भट्टी पुन्हा काढली आणि विचारून वळणं लिहिली. सातवी भट्टी बंद होऊन तिथं फोनच्या कव्हरांचं दुकान झालं होतं. तिनं ती सोडून दिली, तर दुकानदारच म्हणाला, "लिही, लिही! मलाही लोक भट्टीवालाच म्हणतात."

मनातलं सांगू? मला भीती वाटत होती. हिचा नकाशा चांगला झाला, तर मी पुन्हा कपाटामागं. पण तिचा घामेजलेला चेहरा बघितला आणि मी मनापासून म्हणालो, बाई पोचू देत.

दुसऱ्या दिवशी दहाला बाई निघाल्या. सी बुशैबनी तीन पेले चहा संपवला. इख्लासनं एकही घोट घेतला नाही. चाळीस मिनिटांनी दार उघडलं. बाईंची बाही कारंज्याच्या पाण्यानं भिजलेली होती.

"बारा मिनिटांत पोचले," त्या म्हणाल्या. "डोक्यावर फळी घेतलेल्या एका मुलीला नकाशा दाखवला. 'ही आमची भट्टी,' म्हणाली आणि माझा हात धरून पुढं चालायलाच लागली." त्यांनी कागदावर सही ठोकली. "साहेब, ही पोरगी पास. तुमचा उंट मात्र नापास."

सी बुशैबनी उंटाकडं बघून टक्कल खाजवलं. जिलालीकाका तोवर स्टुलावर चढलेही होते.

आता माझी जागा पुन्हा भिंतीवर आहे आणि इख्लासचे छोटे नकाशे माझ्याखाली टेबलावर असतात. पाहुणे ते खिशात घालतात आणि निघताना एकदा माझ्याकडं बघतात. जायच्या दिवशी इख्लास माझ्यासमोर उभी राहिली. कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, "मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, गावात कपाटामागं कुणीतरी गुंडाळून ठेवलेलं असेल. त्याची धूळ झटका, त्याला एकदा उलगडून बघा. नवं जरूर काढा, माझी काही ना नाही. त्या पोरीनं माझ्यापेक्षा चांगलं काढलं, हे मी सगळ्यांना अभिमानानं सांगतो. फक्त रबर हातात घेतलंत, की आधी जरा बाहेर जा आणि फळी घेऊन चाललेल्या पहिल्या मुलाला विचारा, बाळा, तू रोज कुठं जातोस?