बोंडांच्या सरबताचा शोध

चोर म्हणवून घ्यायला दमयंती लिमये जन्माला आली नव्हती. चिपळूणच्या पाककृती स्पर्धेत परीक्षक विमलाबाईंनी भर सभेत माइकवरून सांगितलं, की लिमयेबाईंचं काजूबोंडांचं सरबत स्वानंदी परांजपे यांच्या पुस्तकातून उचललेलं आहे, सबब बाद. बायका माना वळवून बघायला लागल्या. दमयंतीच्या अंगाची नुसती लाही लाही झाली. बोंडांचा रस घशाला धरतो, तो तुरटपणा भाताच्या पेजेने खाली बसवायचा, ही युक्ती तिच्या स्वतःच्या डोक्यातली. पुस्तक आलं परवा-परवा. तिने ती दोन हजार सालीच इंटरनेटवर, कोकणी स्वयंपाकाच्या गप्पांच्या साइटवर लिहिली होती. ते पान शोधून काढायचं, एवढंच.

एवढंच म्हणे! रत्नागिरीला परतल्यावर ती घराशेजारच्या महिपतच्या सायबर कॅफेत ठाण मांडून बसली. त्या साइटच्या शोधाच्या चौकटीत 'बोंडू' टाकलं, तर ढीगभर पानं. साऱ्या कोकणाला बोंडांचंच पडलेलं. 'पेज' टाकलं, तर आजारी माणसाला काय द्यावं यावर काथ्याकूट. स्वतःचं नाव टाकलं, तर नंतरच्या वर्षांत तिनेच घातलेले वाद, आणि यादी तिथेच संपायची. जुनं मेलं काही वर येईच ना. त्यात मध्येच लाइन जायची. शाळेतली कारकुनी आटोपली की रोज हेच. यजमान म्हणाले, सोड गो, एका सरबतावरून कशाला जीव काढतेस. सरबत नव्हे, माझं नाव आहे ते, असं तिने त्यांना सुनावलं.

वहिनी, तारीख आठवली तर सोपं जाईल, असं महिपत म्हणाला. तारखा कोण लक्षात ठेवतो! शिमगा होता, हे मात्र पक्कं आठवत होतं. ती इथेच बसून लिहीत होती, देवीच्या पालखीचा ढोल वळणावर आला, घरात ओटी भरायला कोणी नाही. पालखीला का कोणी दारात ताटकळत ठेवतं? लिहिणं अर्धवट टाकून ती पळाली होती, आणि पळण्याआधी तसं लिहूनही गेली होती.

दमयंती ताठ बसली. बोंडू साऱ्या जगाने लिहिला असेल, पण स्वयंपाकाच्या पानावर पालखी कोण लिहिणार? तिने तो शब्द टाकला. मोजकीच पानं आली, आणि त्यांत ती स्वतः: 'पालखी आली, ओटी भरून येते, मग पेजेचं सांगते. दमयंती लिमये.' खाली पेजेचं सगळं सविस्तर. त्याच्याही खाली एक उत्तर: 'ताई, करून पाहिलं, छान झालं. स्वानंदी परांजपे, दादर.'

"अगो बाई," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

महिपतने कागद छापून दिला आणि दमयंती सकाळच्या एसटीने चिपळूणला विमलाबाईंच्या घरी थडकली. विमलाबाईंनी कागद वाचला, परत वाचला, आणि त्यांचा चेहरा उतरला. बाई तशी वाईट नव्हती. चूक झाली म्हणाल्या, बक्षीस घरपोच पाठवते म्हणाल्या, आता हे आपल्यातच मिटवू म्हणाल्या.

"बक्षीस ठेवा तुमच्याकडे," दमयंती म्हणाली. "चोर म्हणालात ते माइकवरून. परत घ्याल तेही माइकवरूनच. सभा कधी लावताय तेवढं सांगा. स्वानंदीबाईंना बोलावणं मी धाडते."

आणि खुर्ची ओढून ती तिथेच बसली.