चाकावरून उतरलेली जाळी

टक. टक टक.

दुपारी सगळी वस्ती सामसूम असते, तेव्हा एक पिल्लू माझ्या तारेवर चोच मारत बसतं. त्याला बाहेर यायचं असतं. मित्रांनो, मलाही यायचं आहे.

मी एक जुनी, पेटीसारखी खोलगट लोखंडी जाळी आहे. माजलगावच्या बाहेर, धनश्रीच्या अंगणात मी पालथी पडले आहे. माझ्या पाठीवर एक दगड आहे आणि पोटात सहा पिल्लं. बघणाऱ्याला वाटतं, हे कोंबड्यांचं खुराडं असेल. पण मी पिल्लांसाठी जन्मले नव्हते.

मला रामकिसनने घडवलं. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धंच आहे. तरुणपणी एका यंत्राच्या पट्ट्याने ते नेलं. म्हणून असेल, माझं माप घेताना त्याने घाई केली नाही. मी तयार झाले तेव्हा त्याने माझ्या भोकांत एकेक करून करंगळी घालून बघितली. कुठेच शिरली नाही. मग म्हणाला, "आता जा. कुणाचं बोट आत येऊ दिऊ नको." लेकीला सासरी धाडताना सांगावं तसं सांगितलं त्याने.

माझं सासर म्हणजे एक डाळमिल. तिथे मोठी चाळणी होती, ती हलवणारं चाक होतं आणि चाकावरून सपासप धावणारा पट्टा होता. चार कोपऱ्यांना चार बोल्ट आवळून मला त्या चाकावर आणि पट्ट्यावर बसवलं. चाळणीखाली सांडलेली डाळ झाडून काढायचं काम मंगलचं. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, तोंडाला रुमाल. झाडता झाडता तिचा हात रोज माझ्यावर आपटायचा.

"मेली आडवी येती बघ रोज," मंगल म्हणायची.

शेजारी पोती शिवणारी धनश्री हसायची. "तुझ्यावर लई जीव हाय तिचा."

ते खरंच होतं. तीन वर्षं मी तिथे होते. अंगावर तुसाचा थर बसायचा, थरथरून सांधे खिळखिळे व्हायचे. पण संध्याकाळी मंगल आपली दहा बोटं घेऊन घरी जायची, त्यातच मला सगळं मिळायचं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी यंत्रं बंद ठेवून त्यांची पूजा करतात. मुकादम भागवत हळदकुंकवाचं ताट घेऊन माझ्यापाशी आला. मालक म्हणाले, "जाळीला कशाला? चाकाला लाव. काम ते करतंय." मग माझे बोल्ट सोडवले. हरवू नयेत म्हणून ते प्रसादाच्या ताटात ठेवले. मला भिंतीला टेकवलं आणि चाकाला झेंडूचा हार घातला. सगळ्यांनी त्याला हात जोडले.

दसरा झाल्यावर एक जण मला परत बसवायला आला होता.

"ऱ्हाऊ दे बे," भागवत म्हणाला. "पट्टा उतरला की दरवेळी हिला खोलत बसावं लागतंय. धा मिनटं जातेत."

तो खोटं बोलत नव्हता. पट्टा दिवसातून दोनदा उतरायचाच. त्यांची वीस मिनिटं वाचली आणि मी तुसाच्या ढिगामागे गेले. तिथून मला उघडं चाक दिसायचं. त्याच्याखाली वाकलेली मंगल दिसायची. आता तिचा हात कशावरच आपटत नव्हता. मी बघत होते, आणि मला जागचं हलता येत नव्हतं.

दिवाळीनंतर धनश्रीने मला तिथे पाहिलं.

"भागवतमामा, ही पडूनच हाय. नेऊ का घरी? मांजरीनं तीन पिल्लं खाल्ली माझी."

"ने की. भंगारात जायची ती."

तिने मला डोक्यावर घेऊन घरी आणलं, राखेने घासलं, हौदाच्या पाण्याने धुतलं. एवढे लाड माझे कुणी केले नव्हते. तिची पाच वर्षांची सायली माझ्या भोकातून बोट घालायची आणि पिल्लाला शिवायची. रामकिसनची करंगळी शिरली नव्हती, पण सायलीचं बोट शिरायचं. मांजर माझ्याभोवती फिरफिरून निघून जायचं. पिल्लं वाढली, त्यांच्या जागी नवी आली. मला मात्र आत कोंडल्यासारखं व्हायचं. मी जिथे हवी होते तिथे नव्हते.

नवी तूर आली आणि मिल दिवसभर चालू लागली. एका संध्याकाळी धनश्री घरी आली ती ओट्यावर बसूनच राहिली. चूल पेटवली नाही. सासूने विचारलं तेव्हा म्हणाली, "मंगलची बाही पट्ट्यात गेली. बाहीबरोबर हात गेला. दोन बोटं तुटली, आत्या." आणि ती माझ्याकडे बघत राहिली. मी दुसरीकडे बघू शकत नव्हते.

महिन्याने मंगल हात गळ्यात अडकवून भेटायला आली. मला बघून थांबली.

"अगं, ही तर आपली आडवी येणारी."

धनश्रीने मान खाली घातली.

"नशीबवान हायेत तुझ्या कोंबड्या," मंगल म्हणाली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

आज दुपारी भागवत आला. गाडीवरून उतरलाही नाही. "धनश्री, मंगलच्या जागी मानूस न्हाई. उद्यापासून चाळणीखाली तू ऱ्हा."

"आधी जाळी बसवा, मामा."

"हंगाम होऊ दे, बसवू." मग त्याची नजर माझ्यावर पडली. "आन् जाळी तूच तर मागून नेलतीस."

तो गेला. धनश्री दारात तशीच उभी राहिली. काम सोडावं तर चूल कशी पेटावी, आणि जावं तर ते उघडं चाक.

मित्रांनो, मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. तुमच्या घरचं कुणी यंत्रापाशी उभं राहत असेल तर विचारा, त्यावर जाळी आहे का. काढली असेल तर परत कधी बसवणार, तेही विचारा. यंत्राची पूजा जरूर करा. पण पूजा झाली की आधी जाळी बसवा आणि मग प्रसाद वाटा.

आता सायली माझ्यापाशी आली आहे. तिने दगड ढकलला, सहा पिल्लं एकेक करून पाटीखाली ठेवली आणि मला दोन्ही हातांनी उचलायला बघते आहे.

"आई, उद्या हिला घिऊन जा. पिल्लं ऱ्हातेत पाटीखाली."

धनश्री खाली बसली. सायलीने माझ्या एका कोपऱ्यातल्या रिकाम्या भोकात बोट घातलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, मग चौथ्या.

"आई, ह्यात काय असतंय?"

"बोल्ट."

"मग ते कुठं हायेत?"