पाळकबाईंची एक महिन्याची रजा

पाळकबाईला पगार नसतो, म्हणून तिला रजाही नसते. हा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही, पण नाशिकच्या त्या चर्चमध्ये तो सगळ्यांना पाठ होता. नवरा वाल्मीक पाळक झाला त्या दिवशी उज्वलाचं नाव जे गेलं, ते एकोणीस वर्षांत परत आलं नाही. रविवारी पेटी वाजवायची, मुलांची शब्बाथ शाळा घ्यायची, बुधवारी महिला मंडळ, शुक्रवारी आजाऱ्यांच्या भेटी. आणि बारसं असो की मयत, डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करायची. प्रार्थनेत तर तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. बायका म्हणायच्या, पाळकबाईंनी तोंड उघडलं की आपल्या डोळ्यांना पाणी येतं.

त्या तोंडानेच घात केला. मंडळीतल्या सृष्टी नावाच्या सव्वीस वर्षांच्या मुलीच्या किडन्या निकामी झाल्या. उज्वला सात महिने रोज तिच्या उशाशी बसली. एकदा भरात येऊन सगळ्यांदेखत बोलून गेली, ‘‘सृष्टी नाताळात आपल्याबरोबर गाणार.’’ नाताळाच्या आठ दिवस आधी सृष्टी गेली. शनिवारी दफन झालं आणि बुधवारी महिला मंडळात पहिली विनंती आली ती राखीताईंची, पाथर्डी फाट्यावरचा जुना फ्लॅट लवकर विकला जावा म्हणून. उज्वलाने त्यासाठीही प्रार्थना केली. छान झाली. राखीताईंनी डोळे पुसले. आणि डोळे उघडता उघडता उज्वलाला कळलं, की आपण जे बोललो ते कोणालाच उद्देशून नव्हतं.

त्याला आता आठ महिने झाले होते. कोथिंबीर निवडताना हात चालतात तशी तिची जीभ चालायची. तिला धास्ती एकाच गोष्टीची होती. आपण असंच खोटं बोलत राहिलो, तर आत जे काही उरलंसुरलं आहे तेही जाईल, आणि गेलेलं परत येणार नाही.

जूनमध्ये तिने नवऱ्याला विचारून पाहिलं होतं. ‘‘अहो, मला एक महिना सोडा. मी मागच्या बाकावर बसेन. नाहीतर बसणारही नाही.’’

‘‘मंडळीला काय सांगू?’’

‘‘थकली म्हणून सांगा.’’

‘‘पाळकबाई थकत नसते, उज्वला. लोक म्हणतील, यांच्याच घरात दिवा नाही, हे आपल्याला काय उजेड दाखवणार.’’

एवढं बोलून तो रविवारचा उपदेश लिहायला बसला, आणि तिने पेटीवरचं फडकं झटकलं.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी ती झुंबरबाईंकडे गेली. झुंबरबाई म्हणजे दवाखान्यात आयाचं काम करून म्हातारी झालेली, आता अंथरुणाला खिळलेली एकटी बाई. उज्वलाने पिशवीतून बायबल काढलं, तशी म्हातारीने हात हलवला. ‘‘ऱ्हाऊ दे बाई. सकाळधरनं दोघी येऊन प्रार्थना करून गेल्या. लय झाल्या माझ्यावर प्रार्थना. तू जेवली का?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग तिकडं भाकरी हाय, पिठलं हाय. खा आन् घटकाभर पड.’’

उज्वला जेवली आणि खाली चटईवर जी आडवी झाली, ती अडीच तास उठली नाही. जाग आली तेव्हा अंगावर म्हातारीची शाल होती. झुंबरबाई म्हणाल्या, ‘‘घोरत व्हती तू. बरं वाटलं. घरात कुणीतरी हाय असं वाटलं.’’ उज्वलाला कित्येक महिन्यांत रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं. सुख म्हणतात ते हेच असावं, असं तिला वाटलं, आणि तिने ते लपवलं नाही.

पण झुंबरबाईंच्या पोटात काही राहत नसे. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या बाईला त्यांनी कौतुकाने सांगितलं, पाळकबाई माझ्याकडं जेवली, झोपली, लय दमलीये पोर. संध्याकाळपर्यंत हे महिला मंडळाच्या अध्यक्षा राखीताईंकडे पोचलं. राखीताई वाईट बाई नव्हत्या, हेच तर दुर्दैव. वाईट असत्या तर निदान भांडता आलं असतं. त्यांना खरोखर काळजी वाटली, आणि त्या काळजीपोटी त्यांनी ग्रुपवर टाकलं: ‘पाळकबाईंवर आत्मिक हल्ला झाला आहे. येत्या शनिवारी उपास-प्रार्थना, सकाळी नऊ ते चार, पाळकसाहेबांच्या घरी. उपास सोडण्याची सोय तिथेच.’ सोय म्हणजे उज्वला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

शनिवारी चौदा बायका आल्या. सतरंजीवर गुडघे टेकून एकेक जण पाळीने प्रार्थना करू लागली. प्रभू, आमची बहीण थंडावली आहे. तुझ्यावरचं तिचं पहिलं प्रेम तिला परत दे. उज्वला मधोमध मान खाली घालून बसली होती, उपाशी. तीन वाजता तिने खिचडी चढवली. ‘‘आळसाचा आत्मा तिच्यातून काढून टाक,’’ असं कोणीतरी कळवळून म्हणत होतं, तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि ती गॅस बंद करायला उठली.

चार वाजले. राखीताई म्हणाल्या, ‘‘आता शेवट पाळकबाई करतील. तुमच्या तोंडून ऐकलं की आमचा उपास सार्थकी लागेल.’’

सगळ्यांनी डोळे मिटले. उज्वलाच्या जिभेवर शब्द तयार होते, नेहमीसारखे. दोन मिनिटांचं काम होतं. खिचडी वाढली असती, कप विसळले असते, आणि उद्या रविवारपासून सगळं पूर्ववत. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

‘‘मला येत नाही,’’ ती म्हणाली.

‘‘असं काय म्हणता. तुमच्याइतकं कोणाला येतं?’’

‘‘नाही राखीताई. सृष्टी गेल्यापासून मी खोटी प्रार्थना करतेय. तुमच्या फ्लॅटसाठी केली तीसुद्धा खोटीच होती.’’

राखीताईंनी गोंधळून तिच्याकडे पाहिलं. ‘‘पण फ्लॅट तर विकला गेला.’’

कोणी हसलं नाही. बायकांनी पदर सावरले, पिशव्या उचलल्या, आणि न जेवताच एकेक जण चपला घालून निघाली. दहा मिनिटांत घर रिकामं झालं.

वाल्मीक इतका वेळ दारात उभा होता. आता हा काय बोलणार, म्हणून उज्वला वाट पाहत राहिली. त्याने ताट घेतलं, स्वतःच खिचडी वाढून घेतली आणि सतरंजीवर बसला.

‘‘सोमवारी मंडळीचे पंच बोलावतील मला,’’ तो म्हणाला. दोन घास खाल्ले. मग खाली बघत म्हणाला, ‘‘माझं तर सृष्टीच्याही आधीपासून आहे. करोनात एका दिवशी सहा दफनं केली. तेव्हापासून.’’

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘‘आणि जूनमध्ये मला दिवा नि उजेड शिकवत होतात तुम्ही? मी आठ महिने तुमच्याकडे बघून स्वतःला पापी समजत होते.’’

‘‘तुला पगार नाही म्हणून तुला बोलता आलं, उज्वला. माझी भाकरीच त्यावर आहे.’’ त्याने ताट बाजूला सरकवलं. ‘‘आणि तू प्रार्थना करायचीस ना, तेव्हा वाटायचं, घरात एकाचं तरी चालू आहे. त्याच्यावर मी उभा होतो.’’

तीही त्याच्यावरच उभी होती.

रविवारी घंटा झाली तरी ती उठली नाही. वाल्मीकने पांढरा झगा स्वतःच इस्त्री केला, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गेला. जूनमध्ये ती म्हणाली होती तसं ‘थकली’ म्हणून त्याने मंडळीला सांगितलं की नाही, कोण जाणे. खिडकीतून तिला दिसलं, तो समोरच्या चर्चच्या दारात उभा राहून प्रत्येकाचा हात हातात घेत होता, हसत होता, ‘‘प्रार्थनेत ठेवतो’’ म्हणत होता. मग लाउडस्पीकरवर त्याचा आवाज आला. सुंदर प्रार्थना करत होता. भरून आलेला आवाज, नेमक्या जागी थांबणं. कोणीतरी हुंदका दिला तोही ऐकू आला.

त्यातलं एक अक्षरही खरं नाही, हे त्या सगळ्या गर्दीत एकट्या तिला माहीत होतं. ती पलंगावर उठून बसली.

‘‘देवा, ह्या माणसाचं काय करणार आहेस तू?’’ तिने विचारलं. चांगलं भांडायला उठल्यासारखं, मोठ्याने, रागाने विचारलं, आणि उत्तरासाठी थांबून राहिली.