रंगाखालचे लोखंड

माझ्या तोंडाच्या खालच्या कडेला नखाएवढा एक पापुद्रा सुटला आहे. वरून काळा, चकचकीत, आतून तांबूस. हवा दमट झाली की त्याच्या कडेला पिवळसर थेंब जमतात.

मित्रांनो, मी एक जुनी तोफ आहे. समुद्रकाठच्या किल्ल्यात, तटावर, पाण्याकडे तोंड करून असते. मला वितळवून साच्यात ओतले ते लढाईसाठी. पण खरे सांगायचे तर माझी उमेदीची वर्षे जहाजांना सलामी देण्यातच गेली. पुढे शिपाई गेले. मी गवतात पडले आणि माझ्या नळीत खेकड्यांनी संसार थाटला. मग किल्ल्याचे उद्यान झाले, तिकीटखिडकी आली आणि मला पुन्हा चौथऱ्यावर चढवले. आता मुले माझ्यावर घोडा घोडा खेळतात.

“आजोबा, ही अजून उडते का?”

“हळू बोल. आवाजाने तुझी आजीच उडेल आधी!”

उद्यानातले रंगारीबाबा दरवर्षी मला रंग देतात. जुना रंग मात्र खरवडत नाहीत. “म्हातारीची कातडी कशाला सोलायची?” असे म्हणतात. असे थरावर थर चढले. लोक म्हणतात, “वा! अगदी नवी दिसते!” पण लोखंडात शिरलेले मीठ त्या थरांखाली कोंडले गेले आणि मला आतून खात राहिले.

बाबांची लेक इथेच डागडुजीचे काम बघते. तिला हे कधीचे कळले आहे. मला खाली उतरवून, रंग काढून, आतले मीठ निघेपर्यंत सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवले तरच मी वाचेन. पण ते सांगायचे म्हणजे बाबांच्या मायेनेच माझे नुकसान झाले, असे त्यांच्या तोंडावर म्हणायचे. म्हणून दरवर्षी ती मनाशी म्हणे, “पुढच्या वर्षी बघू.”

आज बाबांनी ब्रश टेकवला आणि माझ्यावरच्या नक्षीचा तुकडा खाली पडला. त्यांनी तो घाईघाईने उचलला, त्याच्या मागे रंग लावला आणि होता तिथे दाबून धरला.

“दिसतंय का गं कुठे?”

“बाबा, आतून पाणी सुटलंय तिला.”

“खारा वारा आहे, घाम येणारच. एक हात जास्त मारतो.”

मित्रांनो, जुन्या वस्तूला नुसते चकाकवू नका. तिला काय होते आहे, तेही बघा.

बाबांनी हात काढला. तुकडा पुन्हा पडला. लेकीने त्यांच्या हातातून ब्रश घेतला.

“बाबा, डबा बंद करा,” ती म्हणाली. “यंदा रंग नाही. सगळे थर काढायचे आणि तोफ खाली न्यायची.”