अलेक्झांड्रियाचं ग्रामदैवत

दुसऱ्या महायुद्धात रजा संपवून जोतीराम पलटणीत निघाला, तेव्हा पाटणच्या मोटारतळावर त्याच्या आईनं, राहीबाईनं, पिशवीत एक शेंडीचा नारळ घातला आणि बजावलं, "जाशील त्या गावच्या ग्रामदैवताला आधी ह्यो फोड, मग लढाई कर. परक्याच्या शिवंत इचारल्याबिगर शिरू ने."

"इंग्रज कुठं इचारतो, आय?"

"म्हणून तर त्येचं असं चाललंय."

बोटीवर सामान तपासताना साहेबानं तो नारळ कानाशी हलवून पाहिला. पलटणीचा कारकून नारायण गंभीरपणे म्हणाला, "राखीव रसद, साहेब." नारायण सांगलीच्या विश्रामबागेतला. इंग्रजी असं बोलायचा, की साहेबालाच आपलं काहीतरी चुकतंय असं वाटे.

बोटीतून उतरल्यावर गाव ना शीव अशा वाळवंटी छावण्यांत महिने गेले, आणि अलेक्झांड्रियाला पोचेपर्यंत नारळ पाच महिन्यांचा झाला होता. तिथं एका दिवसाची सुट्टी मिळाली. सहाला छावणीत हजेरी आणि पहाटे आघाडीवर कूच. म्हणजे आईचा शब्द पाळायचा तर आजच.

"न फोडता मला गोळी लागली," जोतीराम म्हणाला, "तर आय गोळीला काय म्हणणार न्हाई. मलाच बोलंल."

"गाव दोन हजार वर्षांचं आहे," नारायण म्हणाला. "शिकंदरानं वसवलेलं."

"मग देऊळबी जुनंच आसंल. इचारा."

कोपऱ्यावरच्या ग्रीक कॉफीवाल्यानं खलाशांना तारणाऱ्या एका संताचं चर्च सांगितलं. जोतीरामनं नारायणाकरवी विचारलं, समोरचा घड्याळवाला तिथं येतो का? कॉफीवाला म्हणाला, तो कशाला येईल, तो ज्यू. डोळ्याला भिंग लावलेल्या घड्याळवाल्यानं आपलं प्रार्थनाघर सांगितलं. कॉफीवाला तिथं येतो का? "तो? तो माझ्याकडं बंद पडलेलं घड्याळसुद्धा आणत नाही." मुसलमान ट्रामवाल्यानं एक दर्गा सांगितला. तिथं हे दोघंही जात नव्हते.

चार वाजले. देव तीन झाले, नारळ एकच.

जोतीराम फुटपाथवर बसला. "आमच्याकडं कोंडीबा आन् गुंडा बांधावरनं धा वर्सं बोलत न्हाईत. पण जत्रंला एकाच पायरीवर बसत्यात. त्या पायरीचा जो धनी, त्यो ग्रामदैवत. ह्यास्नी इचारा, सांजचं समदी कुठं बसत्यात?"

नारायण पुन्हा तिघांकडं जाऊन आला. तिघांचं उत्तर एकच होतं: समुद्राच्या कठड्यावर.

जोतीरामचा चेहरा पडला. "ह्येला नारळ? अकरा दिवस बोटीवर माझी आतडी बाहेर काढली ह्येनं."

"म्हणजे देव जागृत आहे," नारायण म्हणाला.

जोतीराम नारळ उचलून उठला. साडेपाचला दोघं कठड्यापाशी पोचले. काय प्रकार आहे बघायला ते तिघंही आले. ट्रामवाला तर ट्रामसकट आला. जोतीरामनं बूट काढले. आता भीती एकच होती, पाच महिन्यांच्या उन्हातान्हात नारळ नासला असला तर? नासका निघाला तर आईला काय सांगायचं आणि पहाटे कुठल्या तोंडानं निघायचं? त्यानं डोळे मिटून नारळ डोक्यावर उचलला. गोल वस्तू उगारलेला शिपाई पाहून लांबून एक लष्करी पोलीस धावत सुटला.

नारळ फुटला. आत पाण्याचा थेंब नव्हता, पण खोबरं पांढरंशुभ्र होतं.

एक भकल समुद्राला गेलं. दुसऱ्याचे तुकडे सगळ्यांना मिळाले, ट्राममधल्या उतारूंना आणि धापा टाकत आलेल्या पोलिसालाही. खोबरं चिवट होतं. कॉफीवाला आणि घड्याळवाला शेजारी शेजारी बसून बराच वेळ चावत राहिले, आणि तोंडात सुकं खोबरं असताना भांडता येत नाही.

पुढं पलटण इटलीत गेली. तिथं घरचं पार्सल आलं. आईनं सांगितलेलं पत्र बहिणीनं, अंजनानं लिहिलं होतं. नारायण वाचू लागला: "नारळ फोडलास, ब्येस झालं. पण पाणी हाय तितं साती आसरा असत्यात, पाण्यातल्या देवी. बायकांचं ठाणं ते. ओटी न भरताच निघालास व्हय रं? संगं खण धाडलाय. माघारी येशील तवा त्याच वाटंनं ये आन् ओटी भर. माघारी ये म्हंजे झालं. हल्ली हाईस त्या गावासाठनं दुसरा नारळ धाडलाय."

जोतीरामनं खणाची घडी न मोडता तो छातीच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. नारायणानं नारळ कानाशी धरून हलवला.

"राखीव रसद," तो म्हणाला.

"व्हय. चला, नारायणराव. हितला घड्याळवाला सांजचं कुठं बसतो, बघू."